हॉलोवेल घराण्याचा पणजा हस्तगत केल्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करोन, लखनौ शहरी इंदिरा नगर, अलीगंज व भोवतालच्या वस्त्यांत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या समस्त मराठी मंडळींचे माहितीस्तव लिहिले जाते ऐसे जे: शके १९३३, खरनाम संवत्सरी, कल्पनाबाई निगडकर यांनी पेन्शनीवर संसार चालवीत असता, इंदिरा नगरातले घर न सोडिता, सातासमुद्रांपलीकडील नेब्रास्का मुलुखावर स्वारी केली, ते मोहिमेचा मजकूर जैसा घडला तैसा, तिखटमीठ बेताचेच घालोन, येथे मांडिला आहे.

मोहिमेस कारण ऐसे. बाईंचे यजमान, औषधसंशोधनातले शास्त्रज्ञ, मागेच कैलासवासी जाहले. त्यांची एकुलती कन्या मैत्रेयी शिक्षणास्तव नेब्रास्कात गेली आणि तेथील ट्रॅव्हिस हॉलोवेल नामे गोऱ्या तरुणाशी लग्न ठरवून परत आली, आणि बाईंनी तो संगणकाचे पडद्यावर पाहिला, आणि त्याने हात जोडून "नमस्ते आई" म्हटले, मग बाईंची मर्जी सुप्रसन्न जाहली. माघातला मुहूर्त निघाला. परंतु कन्यादानास पित्याचे जागी थोरले दीर बसणार, आणि ते दीर म्हणजे रेल्वेचे निवृत्त इंजिनियर, अलीगंजाधिपती राजारामपंत.

पंतांनी फोनवरून फर्मान सोडिले की, मुलगा गोरा असो वा हिरवा, आमची हरकत नाही; परंतु कन्यादानसमयी गुरुजी वराचा बाप, आजा व पणजा यांचा नामोच्चार करितात, सबब तिन्ही नावे हजर करावी, ती खरी असावी, न मिळालियास आम्ही हातावर पाणी सोडणार नाही.

बाप नामे रसेल, आजा नामे वॉल्टर, येथवर ट्रॅव्हिसने विनासायास सांगितले. पणज्यापाशी वाट खुंटली. एकोणिसाव्या शतकाचे अखेरीस कोणी पुरुष ओहायो प्रांतातून आला, सरकारची फुकट जमीन घेतली आणि उघड्या माळावर गवताच्या ढेकळांचे घर रचून राहिला, इतकीच खबर होती. वॉल्टर आजा हयातीत म्हणे, आम्हांस पूर्वज नाही, आम्ही गवतातूनच उगवलो.

मग मैत्रेयीने इंटरनेटचा मुलूख धुंडाळिला, तो हॉलोवेल नामे पुरुष पोत्याने निघाले, आणि त्यांतला आपला कोणता ते कळेना, आणि भरीस लाइट वारंवार जाई.

"छोड़ो ना आई," ती वैतागून म्हणाली. "कोई भी नाम बोल दो. गुरुजी को क्या पता चलेगा?"

"गुरुजींना नाही कळणार. तुझ्या मोठ्या काकांना कळेल. ठेकेदारांच्या खोट्या मोजमापांत हयात गेली त्यांची. आणि मलाही खोट्या नावावर मुलगी द्यायची नाहीये."

ऐसे बोलून बाईंनी मसलत योजिली. बाईंचे माहेर सातारा जिल्ह्यातले. तिकडे पाळण्यातले पोरही जाणते की, घराण्याचा खरा इतिहास घराण्यापाशी नसतो. तो बोलणे बंद असलेल्या भाऊबंदांपाशी असतो, आणि ते तो जिवापाड जतन करितात. सबब जावईबापूंस सवाल गेला की, तुमच्यात कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे? जावईबापूंचे कान लाल जाहले, आणि मग त्यांनी कबुली दिली की, बापाची एक चुलतबहीण आहे, मेबल नामे, वय पंच्याऐंशी, तिचे नाव आमचे घरी काढीत नाहीत. कारण पुसता कळले की, मेबलच्या बापाने नांगरताना वॉल्टर आजाचा बांध कोरला होता.

हे ऐकोन बाईंस गहिवर आला. "अगं, आपल्यासारखीच माणसं आहेत की," त्या म्हणाल्या.

दुसरे दिवशी सकाळी, तिकडे संध्याकाळ असता, बाईंनी मैत्रेयीस दुभाषी नेमून मेबलबाईंस फोन लाविला. प्रथम गुडघ्यांची विचारपूस जाहली, मग हवामानाची, आणि शत्रू गाफील होताच बाईंनी तोफ डागली: वॉल्टरकडचे म्हणतात, बांध तुमच्या वडिलांनी कोरला.

पलीकडे जो भडका उडाला त्यास मैत्रेयीचे भाषांतर पुरे पडेना. मेबलबाईंनी सांगितले की, बांध मुळातच वाकडा, कारण तो आखला एझ्रा आजाने, आणि आजाची नजर जमिनीवर कधी नव्हतीच, ती रस्त्यावर असे, की ओहायोहून कोणी मागावर आला काय! एझ्रा हॉलोवेल नेब्रास्कात उतरला तो सात घोडे घेऊन, आणि त्यांतला एकही त्याचा नव्हता. वॉल्टरने लाजेने बापाचे नाव घेणेच टाकिले. मेबलच्या बापाने त्याच घोड्यांचा लगाम भिंतीवर टांगिला, आणि तेव्हापासून दोन्ही घरे तुटली, बांध हे निमित्त.

मग मेबलबाईंनी पुसले, हे नाव तुम्हांस कशास हवे?

"शादी में बोलेंगे, ऐसा बता दूँ?" मैत्रेयीने विचारिले.

"माइकवरून बोलतील, असं सांग."

मग मेबलबाई म्हणाल्या की, त्या वेळी फोन सुरू ठेवा.

नाव तर हाती आले, परंतु त्यासवे सात घोडेही आले. बाईंनी काही न लपविता स्कूटरवर मैत्रेयीमागे बसोन अलीगंजी कूच केले आणि पंतांस सारे निवेदन केले. पंत आरामखुर्चीतून अर्धे उठले.

"घोडेचोराच्या घरात आपली मुलगी?"

"भाऊजी, आपल्या मूळपुरुषाने काय केलं? सोनजीबावांनी मोगलांच्या छावणीतले घोडे वळवले. कुलवृत्तांताचं पहिलंच पान आहे, आणि ते तुम्ही छापून घेतलंत."

"ते वळवणं. ती लढाई होती."

"घोड्यांना विचारलं होतं का कुणी?"

आत स्वयंपाकघरात पंतांच्या कुटुंबास, विनीताबाईंस, ठसका लागला. पंत चहाचा कप बशीत फिरवीत राहिले.

"किती म्हणालीस?"

"सात."

"आपले चार होते," पंत हलक्या आवाजात म्हणाले, आणि मग हुकूम जाहला की, स्थळ तोलामोलाचे आहे, तयारीस लागावे.

मुहूर्ताचे दिवशी सकाळी नवरदेव लखनवी रिवाजाप्रमाणे घोडीवरून आले. फेटा बांधलेले राजारामपंत पुढे जाऊन स्वहस्ते लगाम धरोन चालले, आणि कोणास देईनात.

"बाबूजी, छोड़िए, हम हैं ना," घोडीवाला म्हणाला.

"ख़ानदानी आदत है भैया," पंत म्हणाले. "इनकी भी, अपनी भी."

मांडवात दीनानाथ गुरुजींनी गोत्राचे जागी काश्यप घातले, माइक जवळ ओढिला आणि खणखणीत उच्चारिले: एझ्रावर्मणः प्रपौत्राय, वॉल्टरवर्मणः पौत्राय, रसेलवर्मणः पुत्राय. कल्पनाबाई फोन कर्ण्याकडे उंच धरोन उभ्या होत्या. व्याही रसेल, ज्यांनी साठ वर्षांत आजाचे नाव कोणाचे तोंडून ऐकिले नव्हते, ते खुर्चीवरून उठले आणि बाईंच्या हातातला फोन घेऊन म्हणाले, मेबल, मी रसेल बोलतो आहे.

पलीकडून उत्तर आले की, मग गप्प बस, मला ऐकू दे.

गुरुजींनी नावे दुसऱ्याने घेतली, तिसऱ्याने घेतली, आणि पंतांनी हातावर पाणी सोडिले. येणेप्रमाणे नेब्रास्काची मोहीम फत्ते जाहली, एझ्रा हॉलोवेल पणजेपणी रुजू जाहला, आणि घोडी घोडीवाल्यास परत पोचली, हे दोन्ही पक्षांच्या साक्षीने नमूद केले असे.