मापाला मंडळी

आष्ट्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या तात्यांकडे बुटांचे इतके खोके होते, की नवा माणूस त्यांना चपलांचे व्यापारी समजे. खोक्यांत फोटो. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तात्यांनी कॅमेरा घेतला आणि सातारा-सांगलीकडची झाडं, डोंगर, धबधबे टिपत सुटले. रोल धुऊन आला की प्रत्येक फोटोमागं चिठ्ठी चिकटे : ‘वड, म्हसवे. सकाळचं ऊन. पारंब्या भुईला टेकलेल्या. मापाला मंडळी.’

मंडळी म्हणजे आमच्या काकी. झाड केवढं हे बघणाऱ्याला कळावं, म्हणून तात्या प्रत्येक बुंध्याशी बायकोला उभी करत. ठोसेघरच्या धबधब्यापाशी काकी, जतच्या माळावर बाभळीखाली काकी. सगळीकडे बोटाएवढ्या, पदर सावरत, वैतागलेल्या.

"तात्या, काकींचा जवळनं एक तरी फोटो काढा की," मी म्हणायचो.

"तिला रोज बघतोय रं. झाड कुठं रोज दिसतंय?"

पुढं काकींचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ-उतार बंद केला, आणि कॅमेरा खुंटीला लागला. शेवटी काकीच माझ्यावर डाफरल्या, "ह्यास्नी घिऊन जा रं कुठंतरी. दिसभर जुनं खोकं उपसत बसत्यात."

माझ्या स्कूटरवरून आम्ही सागरेश्वरला गेलो. तात्यांनी डोंगराच्या पायथ्याशी एक जुनी चिंच निवडली. मी मापाला उभा राहिलो, पोट जमेल तेवढं आत घेऊन. तात्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, मागं सरकले, पुन्हा लावला आणि खाली घेतला.

"काय झालं?"

"तुझ्याम्होरं झाड बारीक दिसतंय गड्या."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"समदी झाडं तिच्या मापानं ध्यानात बसल्यात," ते म्हणाले. "दुसरं माप डोळ्याला पटतच न्हाई." आणि कॅमेरा पिशवीत गेला.

घरी आल्यावर तात्या चपला न काढताच परसात गेले. काकी शेवग्याखाली खुर्ची टाकून तांदूळ निवडत होत्या. त्या उठायला लागल्या.

"बस तितंच," म्हणत तात्यांनी कॅमेरा काढला.

"आवं, ह्या शेवग्यात काय बघायचं हाय?"

तात्या या वेळी मागं सरकले नाहीत. पुढंच जात राहिले, इतके की शेवगा फोटोत येईल की नाही याची मला शंका वाटायला लागली.

"हलू नगंस," ते म्हणाले, आणि बराच वेळ बटण दाबलंच नाही.