मुंगूस घरचा झाला त्याची गोष्ट

एका जंगलात (जंगल आपलं म्हणायचं, निम्मी झाडं तर भाड्यानेच दिलेली होती) दामोदर नावाचा मुंगूस राहत असे. मुलांनो, नीट मांडी घालून बसा. ज्यांना चुळबूळ करायची असेल त्यांनी मागे सरका.

दामोदर जागांचा दलाल होता. राहत्या बिळांचा नव्हे हं, ते काम कुणीही करतं. तो दुकानांच्या जागा मिळवून द्यायचा. झाडाची ढोली, दगडाची कपार, ओढ्याकाठचा दर्शनी कोपरा. जिथे दोन प्राणी थांबून तिसऱ्याची चौकशी करतील, ती जागा त्याला लांबूनच कळायची.

आता तुम्ही विचाराल, मुंगूस असून हा साप पकडायचे सोडून दलालीत कसा शिरला? त्याचं काय आहे, दामोदर सापांना भ्यायचा. हसू नका. झाडाची पारंबी हलली तरी तो उडी मारून बिळात शिरे. बायकोचं सगळं माहेर मात्र सापांच्या धंद्यातलं. सासऱ्याच्या मिशा बघूनच नाग वाट बदलत. अशा सासऱ्याला दामोदरने शब्द दिला होता की येत्या पावसाळ्यापर्यंत दलालीत जम बसला नाही, तर मुकाट्याने तुमच्या हाताखाली येईन. सासरा तेव्हापासून नुसता आभाळाकडे बघून घ्यायचा.

धंदा तसा चालत होता. दामोदरची अडचण एवढीच की तो खरं बोलायचा. ढोलीला ओल असली तर ओल आहे म्हणायचा. शेजारी तरस असलं तर तरस आहे आणि ते उगाच हसतं, हेही सांगून टाकायचा. गिऱ्हाइकं त्याला ‘अहो दामोदरराव’ म्हणत, अंग चोरून बसत आणि काम झालं की दलाली हातावर ठेवत. पण अशी गिऱ्हाइकं थोडीच. पावसाळा तर जवळ आलेला.

तेवढ्यात जंगलात एका घुबडाचं शिबिर भरलं. विषय होता, ‘गिऱ्हाईक कसे जोडावे?’ जेवण धरून फी होती. शिबिर दिवसाढवळ्या असल्यामुळे घुबड अर्धा वेळ झोपलेलंच असे. पण उरलेल्या अर्ध्या वेळात ते जे बोललं, ते दामोदरच्या काळजालाच भिडलं. घुबडाचं म्हणणं असं की जागा कुणीही दाखवतं. गिऱ्हाइकाला जागा नको असते, माणूस हवा असतो. त्याच्या सुखदुःखात जा. त्याच्या घरातलेच एक व्हा. मग ते दुसऱ्याचं दार कशाला ठोठावेल? एवढं सांगून घुबड पुन्हा झोपलं आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या.

झालं. दामोदरने कंबर कसली. सांबरीणबाईंचं डोहाळजेवण असो की माकडाच्या आजोबांचं तेरावं, दामोदर आधी हजर. साळिंदराला पाठदुखी, तर लेप घेऊन दामोदर दारात. जंगलात कुणाच्या पोराला कोणती गोष्ट सांगितली म्हणजे झोप लागते, हे आईबापांपेक्षा त्याला जास्त ठाऊक झालं. महिन्याभरात ‘अहो दामोदरराव’चं ‘अहो दामोदर’ झालं, आणि पुढे ‘अरे दाम्या’ कधी झालं ते त्यालाही कळलं नाही. तो मोहरून गेला. बायकोला, इंदुमतीला, म्हणाला की बघ, आता जंगलात मला परकं कुणी उरलं नाही. इंदुमतीने विचारलं की मग दलाली कुणाकडून घेणार? दामोदरला हा प्रश्न फार कोता वाटला.

सगळ्यांत घरोबा जमला तो अस्वलाशी. भालचंद्र अस्वलाला मधाचं दुकान काढायचं होतं. दामोदरने त्याच्यासाठी पाणवठ्याजवळच्या गवतात कितीतरी दिवस बसून येणारे-जाणारे न्याहाळले. पाण्याकडे जाताना सगळ्यांना घाई असते, त्या वेळी कुणी ढुंकूनही बघत नाही. परतताना मात्र तहान भागलेली असते आणि तोंडाला काहीतरी गोड हवं असतं. म्हणजे दुकान परतीच्या वाटेवरच पाहिजे. तिथे हत्तीशेठच्या मालकीच्या ढोल्यांची रांग रिकामी पडली होती. एक गेली की बाकीच्या हातोहात जाणार होत्या, आणि तेवढ्यावर दामोदरचा जम बसून सासऱ्याचं तोंड कायमचं बंद होणार होतं. हे सगळं त्याने भालचंद्राच्या पिलाच्या बारशात, पाळण्याला फुलं बांधता बांधता, सांगून टाकलं. घरच्यापासून काय लपवायचं?

भालचंद्राचे डोळे भरून आले. दाम्या, तू भाऊच रे माझा, असं म्हणून त्याने दामोदरला मिठी मारली. अस्वलाची मिठी ती, दामोदरच्या फासळ्या दोन दिवस दुखत होत्या.

आठवड्याभराने भालचंद्र मुद्दाम घरी आला. दुकान ठरलं म्हणाला. परतीच्या वाटेवरचं, तू सांगितलंस तेच. व्यवहार कोल्ह्याने करून दिला.

दामोदरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. कोल्हा पलीकडच्या जंगलातला. फटकळ. कुणाच्या पोराचं नाव त्याला माहीत नाही, आणि दलाली आधी घेतल्याशिवाय तो बोलायलाच सुरुवात करत नसे.

“कोल्हा कशाला मध्ये आणलात?” दामोदरने विचारलं.

“मग काय तुला आणू?” भालचंद्र प्रेमाने म्हणाला. “अरे, तुझ्याशी दलालीचं बोलायला माझी जीभ रेटेना. आणि फुकट राबवून घ्यायलाही मन होईना. हिला म्हटलं, पैशाचा मामला आहे, परका माणूसच बघू. आपल्या माणसात वितुष्ट नको.”

भावाने भावाशी भांडावं तरी कसं? वर उद्घाटनाला सकाळपासून यायचं, वाढायला माणसं कमी आहेत, असंही भालचंद्र बजावून गेला.

गेला की दामोदर. उद्घाटन थाटात झालं. कोल्ह्याला पाहुण्यांच्या पंक्तीत पाटावर बसवून शाल आणि नारळ दिला. भालचंद्राने चार शब्द बोलून त्याच्या नजरेचं कौतुक केलं, की काय जागा शोधलीत हो. दामोदर तेव्हा ओणवा होऊन त्याच पंक्तीत पोळ्यांवर मध वाढत होता. हत्तीशेठही जेवायला होते. त्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. पोरगा चलाख दिसतो, उरलेल्या ढोल्या भाड्याने लावायचं काम याला द्यावं का, असं त्यांनी भालचंद्राला विचारलं.

दामोदरच्या हातातलं भांडं थांबलं. त्याला एकदम पावसाळा दिसला, सासरा दिसला, आणि त्याने भालचंद्राकडे असं बघितलं की दगडालाही पाझर फुटावा.

भालचंद्राला तर अभिमानाने भरून आलं. “अहो, हा तर आमच्या घरचाच आहे,” तो म्हणाला.

“असं होय,” हत्तीशेठ म्हणाले. “मग राहू द्या. तुमच्या घरच्याला मी कामाला कसं लावू?” आणि त्यांनी सोंड वळवून कोल्ह्याशी बोलणं काढलं.

दामोदर सगळ्यांच्या शेवटी जेवला. निघताना वहिनींनी पोरांसाठी उरलेला मध पानात बांधून दिला.

पहिली सर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्याने त्याला वारुळापाशी उभं केलं आणि स्वतः लांब जाऊन बसला. दामोदर पळायची वाट शोधू लागला. वारुळातून एक जाडजूड नाग बाहेर आला, समोर मुंगूस बघून जागच्या जागी थिजला, आणि फणा खाली घेऊन हळूच मागे सरकला.

“माफ करा, दामोदरराव,” नाग म्हणाला. “आपण याल याची कल्पना नव्हती.”

दामोदरच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत त्याच्याशी इतक्या अदबीने कुणी बोललं नव्हतं.

तात्पर्य : जोडायचेच असतील तर वैरी जोडावेत. ते कधी घरोबा करत नाहीत.