मस्कतच्या व्हिसावर काजळाचा ठिपका

हरेश एजंट एक वाक्य बोलला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

भाविकानं कागदांची पिशवी गपचूप त्याच्या टेबलावर ठेवली असती, त्यानं खालापूरच्या आपल्या गार ऑफिसात बसून फॅमिली व्हिसाचा फॉर्म भरला असता आणि तिचा चौदा महिन्यांचा स्वराज विमानात बसून बापाकडे मस्कतला गेला असता. पण भाविकानं सहज म्हणून विचारलं, "फॉर्म मराठीत पण मिळतो म्हणं. मीच भरला तर चालंल का?" आणि हरेश बोलला.

"वहिनी, सातवी शिकलेल्या बाईचं काम नाय हे."

बोलला ते बोलला, वर हसला.

"सातवी पास हाय मी, नापास नाय," भाविका म्हणाली. पिशवी उचलली, पोर उचललं आणि काचेचं दार ढकलून बाहेर पडली. (दार आत ओढायचं होतं. म्हणून ते उघडायला हरेशलाच उठावं लागलं. पण पाठ तिनं ताठच ठेवली.)

आता भाविका म्हणजे शेलूतली एक नंबरची काळजीखोर बाई. गॅस बंद केलाय का ते बघायला ती अर्ध्या रस्त्यातून तीनदा मागं येते. स्वराज शिंकला की थर्मामीटर, नाही शिंकला तर का नाही शिंकला म्हणून थर्मामीटर. पण हिला कुणी "तुला जमणार नाय" म्हटलं की काळजी मागच्या दारानं निघून जाते आणि कमरेला पदर खोचलेली भलतीच कुणीतरी बाई पुढच्या दारानं आत येते.

काळजीलाही कारण होतं. नवरा विपुल मस्कतला एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला गेला तेव्हा भाविकाला सातवा महिना होता. स्वराजच्या लेखी पप्पा म्हणजे मोबाइल. कुणाचाही फोन वाजला की तो "पप्पा!" म्हणून झेप घ्यायचा. एकदा दूधवाल्याच्या फोनची त्यानं पटापट पापी घेतली होती, तेव्हा सासूबाई मोतीबाई तोंडात पदर घालून हसल्या आणि भाविका मोरीत जाऊन रडली. आता कंपनीनं विपुलला कुटुंबासाठी खोली द्यायचं कबूल केलं होतं. पण महिनाअखेरपर्यंत बायको-पोराचे कागद आले तरच. नाहीतर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला.

"सरकारी अपडेट आलंय," भाविकानं घरी येऊन जाहीर केलं. मस्कतला माणसं असलेल्या बायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर रोज अपडेटी पडायच्या आणि भाविका त्यातली प्रत्येक तीनदा वाचायची. "तिकडच्या सरकारनं फॅमिली व्हिसाची अट सैल केली. आणि आपल्याकडं परदेशातल्या कामगारांच्या कुटुंबांसाठी मदत-कक्ष उघडलाय. कर्जतला, दर मंगळवारी, फुकट. एजंट नको."

"फुकट?" मोतीबाई म्हणाल्या. "मंग कायतरी खोट असंल."

तीन दुपारी खपून भाविकानं फॉर्म भरला. नावं, तारखा, जन्मदाखला, सगळं सुवाच्य अक्षरात. मग आला रकाना चौदावा : *चेहऱ्यावरील ठळक खूण.*

तिनं शेजारी झोपलेल्या स्वराजकडे पाहिलं. डाव्या गालावर काळाभोर ठिपका. जन्मल्यापासून रोज आंघोळ झाली की मोतीबाई त्याला तीट लावत. तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून पाडलेलं घरचं काजळ. एक पुसट होतंय तोवर वर दुसरी. त्या ठिपक्याशिवायचा स्वराज भाविकानं धड पाहिलेलाच नव्हता. विपुलनं तर मुळीच नाही.

सरकारनं विचारलंय, तर खोटं कशाला सांगा? तिनं लिहिलं : 'डाव्या गालावर काळा ठिपका.' एवढ्यानं समाधान होईना. केवढा ठिपका, असं साहेबानं विचारलं तर? तिनं फूटपट्टी आणली, झोपलेल्या पोराच्या गालाला लावली आणि पुढं लिहिलं : 'आठ मिलिमीटर, गोल.'

फोटोसाठी नेरळला कमलेशच्या स्टुडिओत गेली. कमलेश म्हणाला, "ताई, ती तीट पुसा, नायतर मी कंप्युटरवर पुसतो."

"खबरदार!" भाविका म्हणाली. "फॉर्मात लिवलंय तसंच फोटोत पायजे. माझ्या पोराच्या तोंडावरनं हात फिरवायचा नाय. कंप्युटरचा पण नाय."

कमलेशनं हात मागं घेतला. (हे वाक्य त्याच्या चांगलंच ध्यानात राहिलं. कसं, ते पुढं कळेल.)

मंगळवारी सासू, सून आणि स्वराज कर्जतला मदत-कक्षात हजर झाले. एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली, समोर चाळीसेक बायका पोरं घेऊन ओळीत. कोपऱ्यात पांढरी चादर टांगून कमलेश बसलेला. मंगळवारी तो कॅमेरा घेऊन इथं यायचा. टेबलावर उज्वला मॅडम, चष्मेवाल्या, शांत बाई.

मॅडमनी फॉर्म पाहिला. मान डोलावली. "अक्षर छान आहे."

भाविकाला वाटलं, हरेशला इथं आणून उभा करावा.

मग मॅडमनी स्वराजचा पासपोर्ट उघडला. फोटो पाहिला. फॉर्म पाहिला. परत पासपोर्ट.

"ताई, तुम्हाला मुलं किती?"

"एकच."

"नक्की?"

"म्हंजे काय मॅडम? मीच बाळंत झाले ना!"

"मग हा कोण?" मॅडमनी पासपोर्ट पुढं केला. पासपोर्टातल्या पोराचा गाल कोरा करकरीत. "फॉर्ममधल्या मुलाला आठ मिलिमीटरची खूण आहे. पासपोर्टमधल्या मुलाला नाही."

भाविका चरकली. पासपोर्ट हरेशनंच काढून दिला होता. त्यावरचा नंबर तिनं तीनदा तपासला होता, फोटो एकदाही नाही. फोटो दिला तेव्हा त्यात तीट होती, ते तिला लख्ख आठवत होतं. "पुसली त्यानं! मला न विचारता पुसली!"

"काय पुसलं?"

"तीट!"

मॅडमनी चष्मा काढला. "ही तीट आहे?"

"मंग काय तीळ हाय का?" मोतीबाई पुढं आल्या. "घरचं काजळ हाय बाय. विकतचं नाय."

मागं ओळीत खसखस पिकली. मॅडमनी ओठ घट्ट दाबले, तरी एक कोपरा हललाच. "ताई, तीट कुणी फॉर्मात लिहितं का?"

"मंग तुमी इचारता कशाला?" भाविका उसळली. "चेहऱ्यावर ठळक काय हाय, इचारलंत. ठळक तेच हाय! कायमचं पायजे असं कुठं लिवलंय, दाखवा."

मॅडमनी रकाना वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं. "तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि भाविकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "पण फोटो चालणार नाही. चेहरा स्वच्छ हवा, असं सूचनेच्या तिसऱ्या पानावर आहे."

भाविकानं सूचना तीनदा वाचली होती. पण तिन्ही वेळा दोनच पानं. (तिसरं पान डाउनलोड होता होता फोनची बॅटरी संपली होती.)

"आत्ता गाल पुसा, इथंच नवा फोटो काढा, नवा फॉर्म भरा. आज गेलं तरच महिनाअखेरपर्यंत वेळेत पोचेल. आणि तुमचा फोटो पण जुना आहे, तोही नवा काढा."

"पुसायची?" मोतीबाईंनी नातवाला छातीशी धरलं. "एवढ्या बायकांच्या नजरांपुढं? खुळी का काय ही!"

भाविकानं ओळीकडे पाहिलं. चाळीस बायका स्वराजकडेच बघत होत्या. एक म्हणाली, "कसलं गोरंगोमटं हाय गं!" दुसरी म्हणाली, "आणि गाल बघ, पावासारखे!" इकडे नजर, तिकडे खोली. मधे विपुल, जो रोज फोनच्या काचेवर बोट फिरवून पोराचा गाल चाचपायचा.

तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि पुसायला घेतलं.

घरचं काजळ ते! पाण्याला कसली दाद देतंय. ठिपका निघाला नाही, पसरला. आठ मिलिमीटरचा आधी रुपयाएवढा झाला, मग पुरीएवढा. स्वराजनं हॉल डोक्यावर घेतला. ओळीतल्या बायका धावून आल्या. कुणी ओला रुमाल दिला, कुणी कोल्डक्रीम, एकीनं पर्समधून खोबरेल काढलं. "गोल नको गं, वरनं खाली पूस!" "लिंबू हाय का कुणाकडं?" खोबरेलानं अखेर काजळ गेलं, पण आता गाल टोमॅटोसारखा लाल. कमलेश चादरीमागून हळूच म्हणाला, "लालपणा उतरू द्या, नायतर ती पण खूण म्हणतील."

अर्धा तास सगळा हॉल एका गालाकडे बघत बसला. भाविकानं तेवढ्यात नवा फॉर्म भरून मॅडमपुढं ठेवला.

गाल निवळला तसं पोर असं काही उजळून दिसायला लागलं की सगळ्या ओळीनं एकदम "अगंबाई!" केलं. भाविकाला ते सोसवेना. ती ताडकन उठली, पर्समधून काजळाची डबी काढली (ती डबी तिच्या पर्समध्ये आधारकार्डाच्याही वर असते) आणि टेबलापाशी गेली.

"मॅडम, सरकारला चेहरा पायजे ना?"

"हो."

"घ्या चेहरा. आमचं सरकार म्हणा, तिकडचं म्हणा, दोघांनी मिळून घ्या." तिनं स्वराजचा डावा पाय धरला, मोजा ओढला आणि तळपायाला बोटांपासून टाचेपर्यंत अंगठ्यानं काळंभोर काजळ फासलं. "पण तळपाय माझा. तळपायाचा फोटो कंच्या पानावर मागितलाय, दाखवा!"

मॅडमनी खरोखर सूचना उलटी-सुलटी करून पाहिली. "तळपायाबद्दल काही नाही."

"मंग झालं तर!"

टाळ्या पडल्या, अगदी खऱ्याखुऱ्या. मोतीबाई सुनेकडे बघून म्हणाल्या, "सातवी शिकलेली हाय आमची," जणू ती कलेक्टरच झाली होती.

पांढऱ्या चादरीपुढं भाविका खुर्चीवर बसली, स्वराजला मांडीवर उभा धरला. मोजा घालायचा राहिलाच. पोरगं काही स्थिर राहीना. त्यानं पाय झाडले, आईच्या खांद्यावर चढला, एक लाथ तिच्या तोंडावर ठेवून दिली. पण शेवटी कमलेशनं फोन वाजवला, स्वराजनं "पप्पा?" म्हणून समोर पाहिलं आणि फोटो निघाला. असा फोटो की मॅडमसुद्धा म्हणाल्या, "वा!"

पोराला सासूच्या हाती देऊन भाविका स्वतःच्या फोटोला बसली. मान वर, नजर समोर.

कमलेशनं कॅमेऱ्यातून पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. "ताई, ते जरा..."

"काय?" भाविका अजून तापलेलीच होती. "आता माझ्यात पण खोट काढतो का?"

"नाय नाय," कमलेश म्हणाला आणि बटण दाबलं.

भाविका विजयी मुद्रेनं बाहेर पडली. ओळीतली प्रत्येक बाई तिच्याकडे बघून हसत होती. स्टेशनवर लोक वळून बघत होते. "बातमी पोचली वाटतं," ती मोतीबाईंना म्हणाली. मोतीबाईंचा चष्मा घरीच राहिला होता आणि त्याशिवाय त्यांना सूनच काय, गाडीसुद्धा आवाजावरनं कळायची, त्यांनी नुसती मान डोलावली. घरी आल्यावर भाविकानं खसाखसा तोंड धुतलं, टॉवेल काळा झाला. कर्जतचा रस्ता खणून ठेवलाय, धूळ तरी केवढी, असं म्हणत तिनं तो भिजत घातला.

संध्याकाळी विपुलनं फोनवर पोराचा कोरा गाल पहिल्यांदाच पाहिला. फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "ए, याला खळी पडते गं! तिटेखाली माझी खळी लपवून ठेवली होतीस?"

"येतोय तो," भाविका म्हणाली. "बोट लावून बघा."

शुक्रवारी मॅडमचा फोन आला.

"भाविकाताई, स्वराजचा अर्ज पुढं गेला. फोटो एकदम स्वच्छ."

"बगा! आणि एजंट म्हणतो मला जमणार नाय!"

"हो. तुमचा मात्र थांबलाय."

"माझा? का?"

"फॉर्ममध्ये तुम्ही लिहिलंय, चेहऱ्यावर कोणतीही खूण नाही." मॅडम ओठ दाबून धरत होत्या हे आवाजावरनं कळत होतं. "फोटोत डाव्या गालावर अख्खी पाच बोटं आणि एक टाच आहे. काळीभोर."

भाविकाचा हात आपसूक डाव्या गालावर गेला. भिजलेला टॉवेल आठवला. स्टेशनवरची माणसं आठवली.

"उद्यापर्यंत नवा फोटो पाठवा, मी स्वतः पुढं सारते," मॅडम म्हणाल्या. "आणि ताई, यावेळी मोजा घाला."

हरेशचाही फोन येऊन गेला. कुठून कळतं कोण जाणे! "वहिनी, अजून वेळ हाय. मी करू का?" "नाय!" भाविका म्हणाली आणि पोराला सासूपाशी ठेवून एकटी नेरळला निघाली. रस्ताभर गाल दहादा पुसला.

कमलेशनं तिला दारातच ओळखलं. खुर्ची पुढं केली, दिवे लावले, आणि कॅमेऱ्यामागं उभा राहून अत्यंत अदबीनं विचारलं :

"ताई, आधी विचारून घेतो. मंगळवारची तीट कंप्युटरवर पुसू, का तुमी पुसून आलाय?"