इवायासाठी केलेली नाव

गुणवंतरावांचं चुकलं ते जेवताना. लेक पुनमचे सासरे, म्हणजे त्यांचे इवाई बापूजी, वरोऱ्याहून आले होते. भात कालवता कालवता ते सहज म्हणाले, "तुमच्या झाडीपट्टीत पाहासारखं काय हाये जी?"

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. गुणवंतराव म्हणाले, "तलाव हाये ना. पुनमच्या लेकराच्या बारशाले याल तवा घरच्या नावेत फिरवतो."

घरी नाव नव्हती. (सायकल होती, तीही पंक्चर.)

पण इवायाला शब्द दिलेला. मोबाइलवर कोणीतरी प्लायची स्वस्तातली नाव करून दाखवली होती, ती पाहून त्यांनी जुना दिवाण उचकटला. शिडाला वडशाच्या नाटकाचा फ्लेक्स मिळाला, त्यावर मिशीवाला खलनायक. राहिल्या सांध्यांतल्या फटी. त्या बुजवायचा माल कुरखेड्यात मिळेना.

तेव्हा त्यांना फडताळातला डबा आठवला. पुनमच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी बायकोनं, इंदुताईंनी, उन्हाळाभर रानातून वेचलेला धावड्याचा डिंक. थोडासाच घेऊ म्हणता म्हणता डब्याचं बूड दिसलं. डबा हलका लागू नये म्हणून गुणवंतरावांनी त्यात गोटे भरले. सांधे असे चिकटले की हातोडीला दाद देईनात. पाण्यात टिकतात का, ते मात्र कोणी पाहिलं नाही.

"काय करून राह्यले भाऊ?" शेजारच्या कुडाच्या कुंपणापलीकडून विचारणा झाली. (आमच्या कुडावरून सगळं दिसते, मुद्दाम पाहावं लागत नाही.)

"इवायासाठी," ते तोऱ्यात म्हणाले.

बारशाच्या सकाळी अख्खं गाव तलावाच्या पाळीवर जमलं. वारा सुटला, खलनायकाची मिशी फुगली आणि नाव खरंच चालली.

"मानलं तुमाले," बापूजी म्हणाले. एवढं सुख गुणवंतरावांना स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

"पण गुणवंतभाऊ, पायाले चिकट काऊन लागून राह्यलं?"

"नवी नाव हाये. पहिल्यांदा थोडं सुटते."

सुटलं ते बूडच. दोघे इवाई शिंगाड्याच्या वेलांत कमरेएवढ्या पाण्यात उभे, मधे खलनायक तरंगतोय. बापूजींनी हातातली फळी हुंगली.

"हा तं धावड्याचा डिंक हाये जी."

पाण्यावरून आवाज लांब जातो. पाळीवरच्या इंदुताई घराकडे वळल्या. त्या कुठे चालल्या हे गुणवंतरावांना कळलं, आणि तलाव आणखी खोल असता तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

ते निथळत दारात पोचले तेव्हा गोटे परातीत ओतल्याचा खडखडाट आमच्यापर्यंत आला. इंदुताईंनी रिकामा डबा परत फडताळात ठेवला. बाजेवरून पुनम म्हणाली, "राहू दे ना आई. मले लाडू नाई भेटले तं चालते."

याच्यापेक्षा दोघींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं. गुणवंतरावांची मान काही वर येईना.

"मी पाठवतो डिंक," बापूजी समजुतीनं म्हणाले. म्हणजे माहेरचा डिंक आता सासरहून येणार, अन् गाव ते वर्षभर चघळणार.

डिंक आला, लाडू झाले, घरोघर वाटले. गुणवंतरावांच्या ताटात नावेच्या फळीचा तुकडा होता.

"हे काय?"

"तुमचा वाटा," इंदुताई म्हणाल्या. "चाटा. अजून हाये त्याले."

त्या आत गेल्या. गुणवंतरावांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कोणी नाही अशी खात्री केली आणि हळूच जीभ लावली.

कुडाकडे पाहायचं त्यांना सुचलं नाही.