मास्तरांच्या पोटातलं पाणी

स्वतःच्याच पँटचं बटण लागेना, तेव्हा मास्तरांनी सवयीने कापडाला दोष दिला. "आटलं," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला असं सांगितलं की खपून जातं. बायकोला सांगितलं तर खपत नाही, कारण बाई त्याच शिवणकामाच्या दुकानात पलीकडच्या टेबलावर ब्लाउज शिवायच्या आणि कोणतं कापड किती आटतं हे त्यांना तोंडपाठ होतं.

"कापडाला कशाला नावं ठेवता? तुम्हीच फुगलाय," त्या म्हणाल्या. "आणि संध्याकाळी पाय कसे सुजतात ते बघा जरा. चला दवाखान्यात."

डॉक्टर दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी मास्तरांना आडवं केलं, पोटावर बोटांनी टकटक केली, एका कुशीवर वळवून केली, दुसऱ्या कुशीवर वळवून केली. "श्वास सोडा, मास्तर. पोट आत ओढू नका," ते म्हणाले. मास्तर ओशाळले. हेच वाक्य ते दिवसभर गिऱ्हाइकांना सांगायचे. टेप कमरेला लागली की भल्याभल्यांची पोटं आत जातात.

"मला तरी ही चरबीच वाटते," डॉक्टर म्हणाले. "पण पायांना सूज आहे, तेव्हा जलोदर नाही ना, एवढी खात्री करून घेऊ."

"ते काय असतं?"

"पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या बाहेर, पाणी साठतं. जलोदर हा काही स्वतंत्र आजार नव्हे, ती आजाराची खूण. मूळ दुखणं बहुतेक वेळा यकृतात असतं."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे खडू आला. त्यांच्या धंद्यात खूण केली की पुढे कात्री येते. "म्हणजे कापायचं ठरलंच म्हणा की!"

"कापताय कशाला? फारच साठलं तर सुईने काढतात."

"केवढी सुई?"

"असते जरा मोठी."

ज्या माणसाचा सारा जन्म सुया ओवण्यात गेला, त्याला तिथेच दरदरून घाम फुटला.

"घाबरू नका हो. रोज सकाळी बेंबीवरून घेर मोजा आणि मला फोनवर आकडा कळवा. भराभर वाढला तर सोनोग्राफी करू. चरबी अशी रातोरात चढत नाही. आणि मोजायला तुम्हाला मी काय शिकवणार!" डॉक्टरांनी कौतुकाने आपल्या कमरेवर हात फिरवला. "माझ्यासारखं चालत जा सकाळचं. तुमच्याकडची नवी पँट पहिल्या दिवसापासून ढिली होतेय मला. चालण्याचा गुण!"

घरी येताच मास्तरांनी पाणी सोडलं. जे पाणी साठतं ते प्यायचंच नाही, हा त्यांचा सरळ हिशेब.

"अहो, आतड्यांच्या बाहेर म्हणाले ते. तुम्ही पिता ते आतड्यांत जातं," बाई म्हणाल्या.

"मग बाहेर येतं कुठून?"

दोघं त्या पोटाकडे बघत बसली.

पहिल्या सकाळी मास्तरांनी स्वतःच टेप लावली आणि डॉक्टरांना कळवलं, "एक्केचाळीस." दुसऱ्या दिवशी त्यांनी भीतीने डोळेच मिटून घेतले, तेव्हा टेप बाईंनी हातात घेतली. "बेचाळीस," त्या म्हणाल्या.

"घशाला कोरड पडलीय माझ्या!" मास्तर ओरडले. "पोटात थेंब नाही आणि पाणी वाढतंय?"

तिसऱ्या दिवशी बाईंच्या डोळ्यांना धार लागलेली, त्यांना टेपवरचे आकडे दिसेनात. मग कोटवाल्या काकांना बोलावलं. काका दुकानातले सगळ्यात जुने कारागीर, जन्मभर फक्त कोट शिवलेले. त्यांनी शांतपणे टेप लावली, शांतपणे काढली. "चव्वेचाळीस."

मास्तर कापायच्या टेबलावर आडवे झाले. बाईंचा हात धरून म्हणाले, "माझं काही बरंवाईट झालं तर मशीनला वेळेवर तेल घालत जा." ती काही थट्टा नव्हती. सुईच्या भीतीने माणूस खरोखर खचला होता. बाईंना हुंदका आवरेना.

फोनवर आकडा ऐकून डॉक्टरही चक्रावले. "इतका? लगेच निघा!"

मास्तर, बाई आणि काका तिघंही दवाखान्यात पोचले आणि सोनोग्राफी झाली. जेल लावलेल्या पोटावर यंत्र इकडून तिकडे फिरलं. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा आणखीच गोंधळला.

"पाणी नाही," ते म्हणाले. "थेंबसुद्धा नाही. यकृतावर थोडी चरबी आहे, बस्स. पायांची सूज दिवसभर उभं राहून कापण्याची."

"मग गेलं कुठे?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून आपली टेप काढली आणि स्वतः घेर मोजला. "चाळीस! अहो, काल बेचाळीस, आज सकाळी चव्वेचाळीस, आता चाळीस. तुम्ही मोजता तरी कसं?"

"कसं म्हणजे? माया धरून," मास्तर म्हणाले. "शिलाईत दाबायला जास्तीचं कापड लागतं ना, ते धरूनच आम्ही आकडा बोलतो. कापणाऱ्याला परत बेरीज नको. पँटला एक इंच."

"ब्लाउजला दोन," बाई पुटपुटल्या.

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या.

"कोटाला चार," काका म्हणाले. "आत अस्तर असतं."

मग मास्तरांनी टेबलाशेजारचा पाण्याचा जग उचलला आणि एका दमात रिकामा केला. बाई रडता रडता हसू लागल्या. "मला वाटलं, गेलात तुम्ही," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी मास्तरांच्या पाठीत धपाटा घातला.

डॉक्टर मात्र हसत नव्हते. ते आपल्या ढिल्या पँटकडे बघत होते. "मास्तर," त्यांनी हळूच विचारलं, "या पँटचं माप तुम्हीच घेतलं होतं ना?"

"नाही हो. मी तेव्हा बाहेरगावी होतो."

"मी घेतलं होतं," काका अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. हातातली टेप त्यांनी सावकाश स्वतःच्या बेंबीवरून फिरवली आणि दोन्ही टोकं जुळवून ओढली. त्यांची मान ताठ झाली, गाल फुगले, चेहरा लाल झाला.

मास्तर टेबलावरून उतरले. उघड्या पोटावरचं जेल पुसत ते जवळ गेले आणि दुकानातल्या नेहमीच्या अदबीने म्हणाले, "श्वास सोडा, डॉक्टर."