नंबरवाले वासुभाऊ

आमचे वासुभाऊ फोनवर वाक्यांना नंबर देऊन बोलतात. "एक. मी निघून राह्यलो. दोन. सांबाराची जुडी घेतली. तीन. जेवाले थांबू नोको." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मग विचारतात, "किती भेटले?" पलीकडून वहिनी इतक्या मोठ्यानं ओरडतात की आम्हालाही ऐकू येतं, "तिन्ही भेटले, ठेवा आता!" तेव्हा कुठे फोन खाली येतो.

खामगावला आमचा डाळ निवडणारी यंत्रं बनवायचा लहानसा कारखाना आहे. वरून डाळ पडते, कॅमेरा तिचे फोटो काढतो, एफपीजीए नावाचा बोर्ड ते भराभर कॉम्प्युटरकडे पाठवतो, आणि कॉम्प्युटरला दाणा काळा दिसला की हवेचा फटका त्याला बाजूला उडवतो. बोर्डाकडून कॉम्प्युटरकडे सेकंदाला किती माल जाऊ शकतो, ती बँडविड्थ. वासुभाऊंचा सगळा जीव तिच्यात. नवा बोर्ड आला की खोक्यावर छापलेला वेग ते आधी मार्करनं खोडतात. "छापाले काय जाते? पोचलं किती, ते सांगा." म्हणून बोर्डातून निघणाऱ्या प्रत्येक फोटोवर ते नंबर टाकतात. तो नाद पुढे घरापर्यंत गेला, त्याला वहिनी तरी काय करणार!

ही गोष्ट घडली तेव्हा मी नवीन होते, सहा महिन्यांच्या बोलीवर. कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम माझा. "ताई, डाळीची पूर्ण धार सोडून पाहा," असं वासुभाऊंनी चारदा बजावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि अर्ध्या धारेवर तपासून मोकळी झाले. पुण्याला शिकून आल्याची थोडी मिजासही होतीच.

मलकापूरच्या डाळ मिलमध्ये आमचं यंत्र बसवलं, तिथल्या शेठजींनी पूर्ण धार सोडली आणि चांगल्या डाळीच्या ढिगात काळे दाणे टपाटप पडू लागले. शेठजींनी मूठभर डाळ उचलून आमच्या साहेबांच्या नाकासमोर धरली. नोकरी पक्की व्हायला एकच आठवडा उरला होता.

वासुभाऊंनी पडद्यावरचे नंबर पाहिले. एकेचाळीस, बेचाळीस आणि एकदम पंचेचाळीस. मधले फोटो पोचलेच नव्हते. माझा प्रोग्राम बोर्डाकडून फोटोचा एकेक लहान तुकडा मागून घेत बसला होता. वेळ मागण्यातच जायचा, तोवर बोर्डावरची जागा भरून पुढचे फोटो सांडायचे.

"वाटीनं काऊन भरता? टोपलं घ्या," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "अन् टोपले दोन. एक भरते, तवा दुसरं रिकामं करा."

तासाभरात मी प्रोग्राम तसा बदलला. नंबर ओळीनं येऊ लागले, ढीग पिवळाधमक झाला. साहेब मात्र तापलेलेच.

"हे तपासलं कोणी होतं?"

"म्या," वासुभाऊ म्हणाले. "पूर्ण धारीवर पाहाचं माह्याकडून राह्यलं."

मिलच्या हमालांदेखत साहेबांनी त्यांना धुऊन काढलं. कुणाची एक चूक न सोडणारा हा माणूस मान खाली घालून उभा होता. मी गप्प राहिले, याची मला अजून लाज वाटते.

परतीच्या एसटीत नांदुऱ्याजवळ मी विचारलं, "भाऊ, तुम्ही खोटं का बोललात?"

"मी तुह्याएवढा असतानी एक मशीन जाळली होती," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "त्याच दिवशी काढून टाकलं. घरी सांगाची हिंमत नाई झाली, पोरी. तीन महिने रोज डबा घेऊन निघत होतो, अन् स्टँडवर एकटाच बसून खात होतो. घास उतरत नाई मंग." माझ्याकडे वळून म्हणाले, "आता रडू नोको. उद्या टायमावर ये."

मी टायमावर गेले. साहेबांना खरं काय ते नोकरी पक्की झाल्यावरच सांगितलं, इतकी मी भित्री. याला आता सात वर्षं झाली. कारखान्यात दुपारी सगळे आपापल्या टेबलावर जेवतात. मी माझा डबा वासुभाऊंच्या शेजारी बसून खाते.