सासऱ्यांच्या दस्त्यावरची खळी

पलंगाचा मागचा उजवा पाय. त्यावर बारा खळ्या, प्रत्येकीशेजारी पेन्सिलीने आकडा.

अर्धा लिटर जवसाचं तेल.

इस्त्री, जिला अजून ओल्या लाकडाचा वास येतो.

एक पितळी बत्ता.

एक झुरळ.

"राहू द्या!"

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं विचारलं की जावईबापू चष्मा पुसायला लागतात. काच स्वच्छ असली तरी पुसतात. तेव्हा आपणच सांगितलेलं बरं.

शेवटून सुरुवात करू. "राहू द्या" हे सासऱ्यांचं वाक्य. सासरे निवृत्त घड्याळजी. चाळीस वर्षं मोहरीएवढे स्क्रू फिरवलेला माणूस, त्याला दुसऱ्याचा हात म्हणजे फावडंच वाटणार! जावईबापूंनी खुर्ची उचलली की "राहू द्या." दिवा बदलायला गेले की "राहू द्या." एकदा तर त्यांनी नुसता हात पुढे केला होता, नमस्कारासाठी, तरी सासरे म्हणाले, "राहू द्या!" लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि सासऱ्यांनी जावयाच्या हातात विश्वासाने दिलेली एकमेव वस्तू म्हणजे मुलगी.

आणि आता दस्ता.

सासऱ्यांकडे नेमबाजीची जुनी छर्‍याची बंदूक होती. तिचा लाकडी दस्ता दर दोन-तीन वर्षांनी ते स्वतः घासून तेल पाजत. यंदा लाकडाच्या भुशाने दम लागायला लागला, डॉक्टरांनी घासकामावर बंदी घातली, आणि क्लबातली ज्येष्ठांची स्पर्धा तर पंधरा दिवसांवर आलेली!

"मी करतो!" जावईबापू म्हणाले. "आरसा करून देतो. तुम्ही त्यात भांग पाडाल!"

"तुम्ही आधी लाकडाचं काही केलंय?"

"स्टूल केलंय की!"

त्या स्टुलाला जावईबापूंनी पॉलिश असं दिलं होतं, की त्यावर बसलेला पाहुणा उठला की स्टूलही त्याला पोचवायला दारापर्यंत जाई.

सासऱ्यांनी बराच विचार केला. मग नळी, चाप, सगळं लोखंड स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केलं आणि नुसता दस्ता चादरीत गुंडाळून दिला. बाळ द्यावं तसा. मान धरून.

पहिले दोन दिवस झकास गेले. जावईबापूंनी जुना थर खरवडला. सँडपेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच फिरवला, आडवा एकदाही नाही. जुन्या थराखाली लपलेलं गडद तपकिरी लाकूड असं वर आलं, की बायकोसुद्धा चहाचा कप घेऊन दोन मिनिटं उभी राहिली. (स्टुलाच्या वेळी ती माहेरी गेली होती.)

बुधवारी जावईबापूंना खळी दिसली.

मुठीत धरायच्या जागी, अंगठ्याच्या जरा डावीकडे, सुपारीएवढी गोल खळी. एवढ्या देखण्या लाकडाला हा डाग? त्यांच्यातला कारागीर खवळला! दबलेलं लाकूड वाफेने फुगतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं. खळीवर ओलं फडकं ठेवलं, वरून तापलेली इस्त्री. चर्र! पुन्हा फडकं, पुन्हा इस्त्री. आठव्या वाफेला खळी गायब! बोट फिरवलं तर ठावठिकाणा नाही. जावईबापू स्वतःशीच हसले. इतके, की शेवटी त्यांनी बायको ऑफिसातून येईपर्यंत न हसण्याचं ठरवलं.

बायको आली. तिने दस्त्यावरून हात फिरवला. मग उलटा फिरवला.

"अहो, खळी कुठंय?"

"काढली!"

"काढली म्हणजे?"

"वाफेने! नामोनिशाण नाही!"

बायको हळूच स्टुलावर बसली.

"अहो, ती बाबांची खळी होती! फायनलची! शेवटच्या छर्‍याच्या आधी बंदूक निसटून पायरीवर आपटली, खळी पडली, तरी बाबा डगमगले नाहीत आणि दहापैकी दहा! क्लबात नवीन माणूस आला की बाबा त्याचा अंगठा धरून त्या खळीत ठेवतात. तुमचासुद्धा ठेवला होता!"

"कधी?"

"नऊ वेळा! तुम्ही दर वेळी 'अरे वा' म्हणालात!"

म्हणाले होते. पण 'अरे वा' म्हणणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि जावईबापू एका वेळी एकच काम करतात.

तेवढ्यात फोन वाजला. सासरे!

"काय जावईबापू, कुठवर आलं?"

"उत्तम, बाबा!"

"तेल लावाल तेव्हा जपून. खळीत तेल साचू देऊ नका, चिकट होतं."

"साचायचा प्रश्नच नाही, बाबा!" जावईबापू म्हणाले. आयुष्यात इतकं खरं ते क्वचितच बोलले असतील.

आता खळी काढता येते तर पाडताही येईल, हा साधा हिशेब. पण दस्त्यावर शिकायचं कसं? घरात तितकं घट्ट लाकूड एकच, पलंगाचं. गुरुवारी संध्याकाळी जावईबापू पलंगाखाली शिरले. वहीत नोंदी अशा:

*१. हातोडी. चंद्रकोर पडते. नको.*

*२. आमटीचा डाव. काही पडत नाही. डाव वाकला.*

*५. दाराची मूठ. आकार बरा. पण दार आता उघडत नाही.*

*९. हातोडी, मध्ये लिंबू. (लिंबू का, आठवत नाही.)*

*१४. अंगठा. माझा. चुकून.*

भिंतीवर सासऱ्यांचा कप घेतलेला फोटो होता, त्यात खळी तिळाएवढी दिसत होती. सुजलेला अंगठा, फोटो आणि दस्ता घेऊन जावईबापू शेजारच्या दंतवैद्याकडे गेले. दंतवैद्याने भिंग लावलं, फोटो पाहिला, दस्ता पाहिला, जावईबापूंना पाहिलं.

"आयुष्यभर खड्डे बुजवले हो. खड्डा पाडून द्या म्हणत आलेला तुम्ही पहिलाच पेशंट!"

"कोरून देता का?"

"कोरलेली खळी कोरलेली दिसते. ही मार खाऊन पडलीय." त्याने फोटोवरून मापं काढली आणि दस्त्यावर पेन्सिलीने बारीक फुली मारून दिली. ती मारताना त्याला हसू आवरलं नाही, हे लक्षात ठेवा. फुली जरा सरकली.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात सासूबाई! (मूठ काढल्यामुळे दार आतून लवकर उघडेना. बायकोने खिडकीतून सांगितलं, "आई, तूच ढकल.")

"यांनी पाठवलंय, बघून ये म्हणाले," सासूबाई आत येत म्हणाल्या. "पलंग तिरका का झालाय गं?"

सासूबाई वाकल्या. बारा खळ्या पाहिल्या. मग टेबलावरचा दस्ता पाहिला, गुळगुळीत, फुलीसकट. आणि जावईबापूंचा अंगठा.

"खळी घालवलीत."

"आई, मी... वाफ..."

"आणि आता पाडायला बसलात."

"बाबा पुन्हा कधी माझ्या हातात काही देणार नाहीत, आई. ती पायरीची खळी..."

"कुठली पायरी?" सासूबाई म्हणाल्या. "त्या मैदानाला पायरीच नाही! फायनलच्या आदल्या शनिवारी यांनी बंदूक पुसून जेवायच्या टेबलावर ठेवली होती. खळी मी पाडली. बत्त्याने."

बायको पुन्हा स्टुलावर बसली.

"आई! तू बाबांना मारत होतीस?"

"काहीतरीच काय! ते दुकानात होते. आल्यावर त्यांनी खळी पाहिली, मी बोलले नाही, त्यांनी विचारलं नाही. क्लबात कुणीतरी विचारलं, आणि पायरी आली." सासूबाईंनी पदर खोचला. "लग्नात मी तुला दिलेला बत्ता कुठंय?"

"तोच तो?!"

"मग काय, नवा आणणार होते? आण. आणि तुम्ही, जावईबापू, दस्त्याखाली उशी द्या. धरू नका. राहू द्या."

ठक्!

एकच. गोल, सुपारीएवढी, काठ मऊ. सासूबाईंनी बत्ता पदराने पुसला, जागेवर ठेवला आणि विचारलं, "चहा आहे का?"

पुढचा आठवडा जावईबापूंनी रोज तेलाचा एक हात दिला. चार थेंब, तळव्याने ऊब येईपर्यंत चोळायचे, उरलेलं पुसून घ्यायचं. पुसायचं विसरणं म्हणजे स्टूल, हे आता पाठ झालं होतं. तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर पेट घेतात म्हणून दोरीवर पसरून वाळत घातली. सातव्या दिवशी दस्ता असा दिसत होता, जणू आतून कुणी दिवा लावलाय.

रविवारी क्लबात सासऱ्यांनी लोखंड बसवलं, दोन स्क्रू आवळले. बंदूक खांद्याला लावली. अंगठा सरकत सरकत खळीपाशी गेला, आणि थांबला.

"जावईबापू."

"जी?"

"या खळीला काय केलंत?"

जावईबापूंनी चष्मा काढला. "तेल, बाबा."

"इतकी वर्षं अंगठा हिच्या काठावर अडायचा. आज आत बसला! नुसत्या तेलाने?"

"जवसाचं होतं."

सासूबाई समोरच्या झाडाकडे अतिशय मन लावून पाहत होत्या.

सासरे त्या दिवशी दुसरे आले, सहा वर्षांत पहिल्यांदाच. दोन नवीन सभासदांचे अंगठे खळीत ठेवले गेले, पायरी सांगितली गेली, आणि या वेळी जावईबापूंनी ती शब्दन् शब्द ऐकून 'अरे वा' म्हटलं. निघताना ते सवयीने बाजूला सरकले, तर सासऱ्यांनी दस्ता वेगळा करून, चादरीशिवाय, त्यांच्या हातात दिला.

"न्या घरी. महिन्याला एक हात लागतो म्हणतात. तुमचा हात चांगला आहे."

गाडीत जावईबापूंनी दस्ता मांडीवर घेतला आणि मागे वळून हळूच विचारलं, "आई, फुली सरकलेली होती. तरी खळी बरोबर अंगठ्याखाली कशी आणलीत?"

"मी कुठे आणली? फुलीवरच मारला," सासूबाई म्हणाल्या. "नेम चुकला होता तो पहिल्या वेळी."

सव्वीस वर्षांपूर्वी दस्त्यावर बसलेलं ते झुरळ सुखरूप निसटलं होतं.